दोनशे वेर, लाल आणि जिवंत

मालो केर्देलने आयुष्यात कधी काही लिहून घेतलं नव्हतं. वर्गात बाकीचे वह्या काळ्या करत असताना हा हाताची घडी घालून बसायचा आणि कुणी विचारलंच, तर कपाळावर दोन टिचक्या मारून सांगायचा, "सगळं इथे आहे." कँपेरजवळच्या त्या शेतकी विद्यालयात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. तिथे नक्की काय आहे ते निकालाच्या दिवशी दिसायचं, पण त्या दिवशी मालो कपाळाला हात लावायचा तो वेगळ्या कारणासाठी.

शहरातली शेती बघायला सात विद्यार्थ्यांची सहल सेंत-एतिएनला न्यायची ठरली, तेव्हा त्रेगिए सरांनी फोनाफोनीचं काम मालोकडे दिलं. कारण साधं होतं. बाकीच्या सहांना अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की पोटात दुखायचं. मालोला फोनवर बोलायला आवडायचं. ऐकायला आवडायचं की नाही, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नाही.

सेंत-एतिएनच्या टेकडीवर जुन्या खाणकामगारांच्या बागा आहेत. त्यांतल्या एका बागेच्या अध्यक्ष म्हणजे ओदील शापुईबाई. वय चौऱ्याहत्तर, बाप खाणीत, नवरा खाणीत, आणि आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा. बाईंनी सांगितलं की राहायचं आमच्याकडे, खायचं आमच्याकडे, भेटवस्तू वगैरे काही आणायची नाही. फक्त एक काम करायचं.

"दोनशे वेर घेऊन या," बाई म्हणाल्या. "लाल. आणि जिवंत हवेत हं. मागे एका शाळेने आणले होते, निम्मे मेलेले."

"लाल," मालो म्हणाला.

"लालच. फार लांब नकोत, लांबवाले आमच्याकडे टिकत नाहीत. ताजे आणा, कोंबू नका, त्यांना श्वास घेता आला पाहिजे. गुरुवारी चार वाजता नगरपालिकेची बाई येणार आहे, तिला दाखवायचेत. नाही दाखवले तर बाग गेली, पोरा. इथे डांबर पडेल आणि गाड्या उभ्या राहतील."

आता, फ्रेंच माणसाने 'वेर' म्हटलं की ऐकणाऱ्याने सावध व्हायला हवं. कवितेची ओळ म्हणजे वेर. काचेचा पेला म्हणजे वेर. हिरवा रंग म्हणजे वेर. आणि गांडूळ म्हणजेही वेरच. लिहिलं तर पेला आणि हिरवा तेवढे वेगळे काढता येतात. कवितेच्या ओळी आणि गांडुळं लिहिल्यावरही हुबेहूब सारखीच दिसतात, त्यामुळे मालोने लिहून घेतलं असतं तरी फरक पडला नसता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण शहाण्या माणसाने "कोणते वेर?" एवढं तरी विचारलं असतं. मालोने विचारलं नाही. त्याने फोन ठेवला आणि तो भारावून खिडकीबाहेर बघत बसला.

काय लोक असतील हे! पाहुण्यांकडून वाइन नाही मागितली, चीज नाही मागितलं. कविता मागितली! आणि तीही लाल, म्हणजे लाल झेंड्याची, संपाची, खाणकामगारांची. जिवंत पाहिजे. ओळी लांबलचक नकोत. ओळींना श्वास घेता आला पाहिजे. एवढी नेमकी समज त्याच्या साहित्याच्या बाईंनाही नव्हती. आणि तीच कविता नगरपालिकेच्या तोंडावर म्हणायची, म्हणजे डांबरवाल्यांच्या डोळ्यांत पाणी येऊन बाग वाचेल. एका बागेचं भवितव्य आपल्या कपाळात आहे, या जाणिवेने त्याने त्या संध्याकाळी कपाळ दोनदा धुतलं.

सरांना त्याने थोडक्यात सांगितलं, "सर, त्यांना दोनशे वेर हवेत. मी बघतो."

सरांच्या डोळ्यांसमोर पेले आले. गुरुवारी मोठा कार्यक्रम असणार, दोनशे माणसं असणार, भांडीकुंडी कमी पडत असणार. बिचारा मुलगा म्हणतोय मी बघतो, पण दोनशे पेले नेणार कशात? सर मनाने फार चांगले. त्यांनी कुणाला न सांगता विद्यालयाच्या खानावळीतून काचेचे दोनशे पेले मागून घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मिनीबसच्या मागच्या भागात रचले. मालोला ऐन वेळी चकित करायचं, असं त्यांच्या मनात होतं.

मालो तीन आठवडे कविता रचत होता. लिहायचा अर्थात प्रश्नच नव्हता. डोळे मिटून, मनातल्या मनात. त्यासाठी त्याने एक एकांताची जागा शोधून काढली होती. खानावळीच्या मागे एक मोठी लाकडी पेटी होती, तिच्या झाकणावर बसलं की बुडाखाली मंद ऊब यायची. प्रतिभेला ऊब लागते, असं त्याचं मत झालं. रोज सकाळी त्याच्या वर्गातली एनोरा सालपटांची बादली घेऊन यायची आणि म्हणायची, "मालो, ऊठ, त्यांना खायला घालायचंय." मालो डोळे न उघडता उठायचा, झाकण वाजलं की परत बसायचा. पेटीत कोण आहे हे त्याने कधी विचारलं नाही. त्या पेटीतल्या गांडुळांची कीर्ती पार सेंत-एतिएनपर्यंत पोचली होती. मालोपर्यंत मात्र ती झाकणामुळे पोचली नाही.

निघायच्या दिवशी त्याच्याकडे एकशे चौऱ्याऐंशी ओळी झाल्या होत्या. एकशे चौऱ्याऐंशी म्हणजे दोनशेच, असं त्याने ठरवून टाकलं.

वाटेत एक मुक्काम करून गुरुवारी अकराला गाडी टेकडी चढायला लागली. प्रत्येक वळणावर मागून असा किणकिणाट व्हायचा की जणू गाडीत बांगड्यांचं दुकान आहे. मुलांनी विचारलं तर सर नुसते गूढ हसायचे.

आणि मग बाग दिसली.

मालो बोलायचा थांबला. एनोराने घड्याळ बघून ही वेळ लक्षात ठेवली. पायऱ्यापायऱ्यांनी अख्खी टेकडी उतरत होती आणि प्रत्येक पायरीवर कुणाचा तरी संसार होता. फुटक्या बाथटबांमधून स्ट्रॉबेरी बाहेर डोकावत होत्या. सायकलींच्या चाकांवर वाल चढत होते. कपडे धुण्याच्या यंत्रांची पोटं उघडी करून त्यांत सॅलडची पानं लावली होती. प्रत्येक झोपडीच्या छपराचं पाणी नळीतून पिंपात, पिंपातून पाटात. खालच्या कॅफेतला कॉफीचा चोथा इथे येत होता, न्हाव्याकडचे केस गोगलगायी अडवायला येत होते, आणि आजूबाजूच्या साठ घरांची सालपटं एक हातगाडी रोज वर आणत होती. टाकलेलं असं काही इथे नव्हतंच. समोर खाणीतून उपसलेल्या मातीचे दोन काळे डोंगर उभे होते आणि बाग त्यांच्याकडे पाठ न फिरवता, तोंड करून वाढली होती. समुद्रकाठी वाढलेल्या त्या मुलांना शेत म्हणजे सपाट आणि कुंपणातलं एवढंच माहीत होतं. इथे माणसांनी शहराच्या उष्ट्यातून डोंगर हिरवा केला होता.

बागेच्या टोकाला एक भलीमोठी पेटी होती. तिच्याभोवती पंचवीसतीस म्हातारी माणसं स्वच्छ शर्ट घालून उभी होती. शापुईबाईंनी सगळ्यांच्या गालांवर दोनदोन पापे घेतले आणि पेटीचं झाकण उघडलं. आत सगळं थंडगार, आंबूस, राखाडी.

"मीच मारलं त्यांना," बाई म्हणाल्या. "मार्चमध्ये शेगडीची राख ओतली, तळाला निखारा होता ते दिसलं नाही. साठ घरांची सालपटं आम्ही जिरवतो म्हणून तर नगरपालिका ही जागा देते. पेटी मेली तर जागा परत घेणार. पण आता आलात तुम्ही. आण बघू, पोरा."

मालोने आजूबाजूला बघितलं, एक उलटं खोकं दिसलं, त्यावर तो चढला. छाती भरून घेतली.

"लाल पहाट उगवली, काळ्या खाणीच्या दारी,
उचला लाल कुदळी, जागा झाली नगरी सारी..."

म्हातारी माणसं लक्ष देऊन ऐकत होती. तरुण मुलं काहीतरी छोटासा समारंभ करताहेत, असं त्यांना वाटलं. सहाव्या ओळीला दुसरी लाल पहाट झाली. दहाव्या ओळीला तिसरी. बाराव्या ओळीला शापुईबाईंनी हळूच मालोच्या पिशवीत डोकावून पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "वेर कुठेत?"

"हेच."

"कोणते?"

"हे. मी म्हणतोय ते."

 त्रेगिए सरांना वाटलं, हाच तो क्षण. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, वर्तमानपत्र बाजूला केलं, आणि दोनशे पेले उन्हात चमकले. "मादाम," सर नम्रपणे म्हणाले, "वेर."

बाईंनी पेल्यांकडे पाहिलं. मालोकडे पाहिलं. मग त्या जवळच्या बाथटबच्या काठावर, स्ट्रॉबेरींत बसल्या.

"गांडुळं," त्या म्हणाल्या. "गांडुळं मागितली होती मी."

एनोराने मालोकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तीन आठवडे तू त्यांच्यावर बसला होतास."

कँपेर आठशे किलोमीटर मागे राहिलं होतं. मासे पकडायच्या सामानाच्या दुकानात गांडुळं मिळतात, पण ती लांबवाली, पेटीत दोन दिवस टिकत नाहीत. ती आजच्यापुरती टाकून वेळ मारून न्यायची, असं एका म्हाताऱ्याने सुचवलं, तर बाई म्हणाल्या, "मी साठ घरांना फसवणार नाही." लाल गांडुळं दोनशे पुरतात, विरजणासारखी, पुढे ती आपली आपण वाढतात. पण विरजण आणायचं कुठून?

सगळ्यांनी एकदम दगडी भिंतीकडे बघितलं आणि एकदम नजर फिरवली.

भिंतीपलीकडे पाव्लिक आजोबांची बाग होती. त्यांच्या पेटीत गांडुळं नुसती उतू जात होती, हे अख्ख्या टेकडीला ठाऊक होतं. पण पाव्लिक आणि शापुईबाई अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. झालं असं होतं की पाव्लिक आजोबांचा भोपळ्याचा वेल भिंतीवरून इकडे आला आणि इकडेच त्याने एक भोपळा धरला. बाईंनी त्याचं सूप केलं. एवढ्यावर भागलं असतं, पण बागेच्या जेवणावळीत त्यांनी ते पाव्लिकनाच वाढलं, आणि पाव्लिक दोन वाट्या पिऊन "वा, भोपळा कुणाचा?" असं सगळ्यांसमोर विचारून बसले. भोपळ्यापेक्षा ते "वा" त्यांना जास्त लागलं होतं.

आता ते कानातलं ऐकण्याचं मशीन नीट बसवत भिंतीवर कोपरं टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अध्यक्षबाईंना सांगा," ते बाईंच्या डोक्यावरून मालोला म्हणाले, "माझ्याकडे आहेत. लाल, जिवंत. त्या पोराने एक ओळ म्हणावी, मी एक देईन. वेरला वेर. पण माझ्या अंगणात. आणि अध्यक्षबाईंनी समोर खुर्चीत बसायचं. कारभार आहे, अध्यक्ष हजर पाहिजेत."

"शेजाऱ्यांना सांगा," बाई मालोला म्हणाल्या, "की माझे गुडघे दुखतात आणि ती खुर्ची मोडकी होती."

"ती मी दुरुस्त केली," पाव्लिक म्हणाले. "दहा वर्षं झाली."

बाई स्ट्रॉबेरींतून उठल्या आणि स्कर्ट झटकून भिंतीतल्या दारातून पलीकडे गेल्या.

पाव्लिकनी पेटीचं झाकण उचललं तेव्हा मालो पहिल्यांदा आत वाकला. तीन आठवडे ज्यांच्या डोक्यावर बसला, त्यांच्या जातभाईंकडे तो आता बघत होता. वर बटाट्याची सालं होती, त्याखाली ओळखू येणारं वर्तमानपत्र, त्याखाली न ओळखू येणारं काहीतरी, आणि सगळ्यात खाली काळी, मऊ, जंगलात पान उलटल्यावर वास येतो तशा वासाची माती. आणि त्या सगळ्यातून हजारो लाल दोरे आवाज न करता जात होते. कुणी भाषण करत नव्हतं. कुणी पहाटेचं नाव काढत नव्हतं. नुसतं काम चाललं होतं. मालोला आपल्या कवितेतल्या लाल कुदळींची किंचित लाज वाटली.

मोजणीचा प्रश्न आला, कारण पाव्लिक उधळे नव्हते. दोनशे म्हणजे दोनशे. गांडुळं एकत्र टाकली की गुंता होतो. सर घसा खाकरून म्हणाले की माझ्याकडे पेले आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच सरांची एखादी चूक कामाला आली होती आणि त्यांचा चेहरा उजळला. मुलांनी पेले भिंतीवर, पायऱ्यांवर, पिंपांच्या झाकणांवर मांडले आणि प्रत्येकात चिमूटभर ओली माती घातली. पावणेतीनला मालोने सुरुवात केली.

एक ओळ. पाव्लिक चिमटीत एक गांडूळ उचलत, पेल्यात सोडत, पुढच्या पेल्यापाशी जात. एक ओळ, एक गांडूळ. त्यांची नजर मालोच्या तोंडावरून ढळत नव्हती. इतका एकाग्र श्रोता मालोला जन्मात मिळाला नव्हता. तो रंगला. लाल पहाटा एकामागून एक उगवत गेल्या. शापुईबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पन्नासाव्या ओळीच्या सुमारास पाव्लिकनी त्यांच्या पाठीमागे उशी ठेवली. शंभराव्या ओळीच्या सुमारास बाईंनी ती टेकायला घेतली.

नगरपालिकेच्या ब्रोसारबाई चारला दहा कमी असतानाच आल्या. कडक इस्त्रीचा कोट, हातात कागद अडकवलेली फळी, फळीवर दोन चिकटपट्ट्या, बाग बंद करायची लाल आणि चालू ठेवायची हिरवी. दहा मिनिटांत आटपून पुढच्या ठिकाणी जायचं, अशा चालीने त्या दारातून आत आल्या आणि थांबल्या. टेकडीभर उन्हात चमकणारे पेले होते, प्रत्येक पेल्यात एकेक गांडूळ होतं, खोक्यावर एक मुलगा कविता म्हणत होता, आणि पंचवीसतीस म्हातारी माणसं टोप्या काढून उभी होती.

"हे काय चाललंय?" त्यांनी कुजबुजत सरांना विचारलं.

"शहरी शेती," सर म्हणाले.

"प्रत्येकाला वेगळा पेला?"

"स्वच्छता," सर म्हणाले.

ब्रोसारबाईंनी फळी खाली ठेवली.

आणि नेमकी तेव्हाच एकशे चौऱ्याऐंशीवी ओळ संपली. मालोने कपाळावर टिचकी मारली. आत काही नव्हतं. सोळा पेले रिकामे होते आणि पाव्लिक त्यांतल्या पहिल्याशेजारी चिमटीत गांडूळ धरून वाट बघत होते. वेरला वेर. ते गांडूळ आळोखेपिळोखे देत होतं. मालोही.

एनोरा त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पहाट पुरे. समोर बघ, दिसतंय ते म्हण."

मालोने समोर बघितलं. मग तो बोलायला लागला, अडखळत, थांबत, यमकाशिवाय. त्या सोळांतल्या चारच ओळी एनोराला पुढे आठवल्या, त्या अशा:

"बाथटबाच्या काठावरून
स्ट्रॉबेरी पाय सोडून बसते.
काल सोललेला बटाटा
उद्या मुळा होऊन घरी येतो."

शेवटचं गांडूळ शेवटच्या पेल्यात पडलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्यांनी ती बिचकतील, असं सगळ्यांनाच वाटलं असावं. मग प्रत्येकाने दोन्ही हातांत पेले घेतले, रांगेने भिंतीतल्या दारातून इकडे आणले आणि थंड पेटीत नवी सालं पसरून त्यांवर ते अलगद पालथे केले. ब्रोसारबाईंनीही एक पालथा केला. त्यांचं गांडूळ क्षणभर थबकलं, मग सालाखाली शिरलं, आणि बाई एवढ्या वाकून बघत राहिल्या की त्यांच्या कोटाच्या बाह्या मळल्या ते त्यांना कळलंही नाही.

निघताना त्यांनी फाटकावर हिरवी पट्टी चिकटवली आणि कार्यालयात फोन लावला. "टेकडीवरची बाग. वेर," एवढंच त्या म्हणाल्या. पलीकडून "कोणते?" असं विचारलं असावं, कारण त्या बागेकडे एकदा बघून म्हणाल्या, "सगळेच."

संध्याकाळी किसलेल्या बटाट्याचे कुरकुरीत घावन झाले, बागेतलं सॅलड झालं, आणि दोनशे पेल्यांतले तीस तीनतीनदा धुऊन वाइनसाठी घेतले. शापुईबाई मालोला म्हणाल्या की पोरा, शेवटच्या सोळा फार आवडल्या. त्या मला भिंतीवर रंगवून घ्यायच्यात. उतरवून दे.

मालोने कपाळावर टिचकी मारली. मग दुसरी मारली. मग तिथे नुसताच हात ठेवला.

तो उठून पाव्लिक आजोबांच्या शेजारी जाऊन बसला. एवढं एकाग्र ऐकणारा माणूस, त्यांना काहीतरी आठवत असेल. त्याने विचारलं तेव्हा आजोबांनी आधी खिशातून मशीन काढलं, कानात बसवलं, आणि मग "काय?" म्हणाले.

मालोने परत विचारलं.

"छे रे," पाव्लिक म्हणाले. "चौथ्या ओळीलाच काढून ठेवलं होतं. पहाटच पहाट."

"मग गांडूळ कसं टाकत होतात?"

"तुझं तोंड मिटलं की टाकायचो. दोनदा तर तू जांभई दिलीस. त्या तेवढ्या धरल्या नाहीत." मग त्यांनी टेबलाच्या पलीकडे बघितलं. तिकडे शापुईबाई कुणाला तरी घावन वाढत होत्या. "अकरा वर्षांनी बाई माझ्या खुर्चीत सव्वा तास बसली, पोरा. तू आणखी दोनशे म्हणाला असतास तरी चाललं असतं."

त्या बागेच्या भिंतीवर आज चार ओळी आहेत आणि खाली 'एनोराच्या आठवणीतून' असं रंगवलंय. बाकीच्या बारा गेल्या त्या गेल्याच. पहिल्या एकशे चौऱ्याऐंशी मात्र मालोला अजून तोंडपाठ आहेत. त्या कुणी मागत नाही.